मनमाडला उतरणारे ओझे

रेल्वेचा इतिहास बहुधा वेगाच्या अंगाने लिहिला जातो. मी तो सामानाच्या अंगाने पाहतो.

आमच्या मुखेडला रेल्वे नाही; मुदखेड जंक्शन वेगळे. आमच्या पेट्या आधी एसटीने नांदेड गाठत. निजामाच्या राज्यातून मनमाडपर्यंतचा लोहमार्ग १९०० साली पुरा झाला, तो मीटरगेज. पुढे मुंबईकडे ब्रॉडगेज. एकीकडे रुळांतले अंतर १ मीटर, दुसरीकडे १.६७६ मीटर. हा फरक पुढची नव्वदेक वर्षे माणसांनी डोक्यावरून वाहिला. ट्रंक, वळकटी, ज्वारीचे पोते, सारे मनमाडच्या फलाटावर उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायचे. १९९०च्या दशकात मार्ग रुंद झाला आणि ही चढउतार संपली.

ऑगस्ट २०२५मध्ये मुंबई–जालना वंदे भारत नांदेडपर्यंत आली. सुमारे ६१० किलोमीटर, साडेनऊ तास. सगळी आसने खुर्चीची. वातानुकूलित खुर्चीयानात ४० किलो सामान मोफत, पण पेटी ५५ × ४५ × २२.५ सेंटिमीटरची. साध्या डब्यात वजनाची सवलत ३५ किलोच, पेटी मात्र १०० × ६० × २५ची चालते.

या आकड्यांत मला दोन प्रवासी दिसतात. एक बॅग घेऊन निघतो. दुसरा कामाच्या शोधात चूल, भांडी, अंथरुणासह निघतो. त्याचे सामान म्हणजे त्याचे घरच. मनमाडला दोघांनाही उतरावे लागे. आता पहिला दुपारी मुंबईत पोचतो; दुसरा रात्रीच्या देवगिरी किंवा नंदिग्रामच्या साध्या डब्यात ट्रंकेवरच बसून जातो.