आजोबांची उर्दू

मी सातवी शिकलेली बाई. घरी ऐकलेले तेवढे सांगते.

निजामाच्या राज्यात आपल्या शहरात कचेरीचा कारभार उर्दूत चाले आणि वरचे शिक्षणही बहुतेक उर्दूतूनच होई. हैदराबादेस १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. येथील सरस्वती भुवन ही १९१५ सालची संस्था. मराठी मुलांना तिचा मोठा आधार होता.

माझे आजोबा सांगत, "गणित मला मराठीत उमजे, पण उत्तर उर्दूत सांगता येईना, म्हणून छड्या खाल्ल्या." तीच उर्दू शेजारच्या मुलांशी गोट्या खेळताना मात्र त्यांच्या जिभेवर सहज बसली! १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, तरी म्हातारपणीही ते शेजाऱ्यांशी उर्दूतच हसत बोलत.

सन २००० पासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. माझा धाकटा पहिलीत असताना एक इंग्रजी शब्द चुकला, तेव्हा मी त्याला चापट मारली. त्याचे डोळे भरले आणि मला आजोबांच्या छड्या आठवल्या. त्या दिवसापासून भाज्या निवडताना आम्ही मायलेक त्यांची इंग्रजी नावे मिळून शिकू लागलो. मीही चुकते, तो हसतो.

मुलांना दुसरी भाषा जरूर शिकवावी. पण मराठीचा पाया आधी घालावा आणि छडी बाजूला ठेवावी, एवढीच विनंती.