दलाल म्हणजे वाट दाखवणारा

आठवीच्या उर्दू वर्गात 'दलील' हा शब्द आला की मी फळ्यावर शेजारीच 'दलाल' लिहितो. मुलं हसतात. पण दोन्ही शब्द एकाच अरबी मुळातून आलेत आणि त्या मुळाचा अर्थ आहे वाट दाखवणं. मग हा शब्द आपल्याकडे जवळपास शिवी कसा झाला? याचं उत्तर मला घरातच मिळालं.

भाईजान निवृत्त झाले तेव्हा फंडाच्या पैशांतून त्यांनी 40 लाखांचा फ्लॅट घेतला. राहायला नव्हे, गुंतवणूक म्हणून. एजंट ओळखीचा होता. 2 टक्के दलाली, म्हणजे 80 हजार रुपये आम्ही दिले. "सर, यापेक्षा खाली तो येणारच नाही," असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला. खरेदीखत झाल्यावर विकणाऱ्यासोबत चहा घेताना कळलं की तो 38 लाखांतही तयार होता आणि दलाली त्यानेही दिली होती.

दोन्हीकडून खाण्याची ही तक्रार जुनीच. चौदाव्या शतकातला इतिहासकार झियाउद्दीन बरनी अलाउद्दीन खिलजीच्या काळातल्या दिल्लीच्या घोडेबाजाराबद्दल लिहितो, तेव्हा तिथले दलाल घेणारा आणि विकणारा अशा दोघांकडून पैसे उकळतात, असंच सांगतो. सुलतानाने त्यांना जबर शिक्षा केल्या. आपल्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा. खरा आकडा दलालाच्या मुठीत आणि आजूबाजूचे अंधारात.

मग दलाली हरामच का? नाही. अरबीत मध्यस्थाला 'सिमसार' म्हणतात. इमाम बुखारींच्या हदीससंग्रहात सिमसाराच्या मेहनतान्यावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि इब्न सिरीन, हसन बसरी यांच्यासारख्यांना त्यात काही गैर वाटलं नाही, अशी तिथे नोंद आहे. 'इतक्याला वीक, वरचे तुझे' असं ठरवायलाही इब्न अब्बास यांनी हरकत घेतली नाही. पुढच्या बहुतेक फकिहांनी मात्र ही पद्धत नाकारली, कारण मेहनताना किती हे आधी कळत नाही. हंबली विद्वानांनी ती मान्य केली. म्हणजे वाद दलाली घ्यावी की नाही हा नव्हता. ती किती आणि कोणाला माहीत असावी, हा होता.

आता गणित मांडू. 40 लाखांच्या फ्लॅटवर आपल्या शहरांत साधारण 6 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 2 लाख 40 हजार. नोंदणी 30 हजार. दलाली 80 हजार. पुढे तो फ्लॅट 44 लाखांना विकला, तर पुन्हा 2 टक्के, म्हणजे 88 हजार. एकूण खर्च 4 लाख 38 हजार, भाव वाढला 4 लाख. लोक म्हणतील, दहा टक्के कमावले. प्रत्यक्षात 38 हजारांचा तोटा. दोन्ही वेळची दलाली नसती तर 1 लाख 30 हजार हाती राहिले असते.

आणखी एक गोष्ट. भाईजानसाठी एजंटाने 2 लाख कमी करून घेतले असते, तर त्याची दोन्हीकडची दलाली मिळून 8 हजारांनी घटली असती. सौदा मोडला असता तर सगळीच गेली असती. मग तो आमच्यासाठी घासाघीस का करील?

महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून रेरा पूर्णपणे लागू आहे. नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटालाही नोंदणी सक्तीची आहे. दलालीचा दर मात्र कायद्याने ठरवलेला नाही. तो आपणच ठरवायचा आणि लेखी ठरवायचा. बयाणा देण्याआधी एकच प्रश्न विचारा : समोरच्याकडूनही घेणार आहात का, आणि किती?

आम्ही तो विचारला नाही. ओळखीच्या माणसाला कसं विचारायचं, असं भाईजानना वाटलं. पैशांपेक्षा त्यांना तीच गोष्ट जास्त लागली. तो माणूस आजही रस्त्यात भेटला की सलाम करतो. भाईजान सलामाचं उत्तर देतात आणि पुढे निघतात.