जोगतीण, सवाष्ण आणि विधवा : सीमाभागातील एका प्रथेकडे पाहताना

मार्गशीर्ष जवळ आला की आपल्या खासबाग, शहापूर, वडगाव भागातल्या अनेक घरांत सौंदत्तीच्या यात्रेची बोलणी सुरू होतात. पूर्वी बैलगाड्या जुंपल्या जायच्या, आता बस आणि टेम्पो ठरतात. बेळगावहून सुमारे 80 किलोमीटरवरचा तो डोंगर कन्नड भाषकांसाठी यल्लम्मागुड्डा आणि आपल्यासाठी रेणुकेचा डोंगर. सीमेवरून कितीही वाद झाले, तरी या देवीच्या दारात मराठी आणि कन्नड माणूस एकाच रांगेत उभा राहिला. अथणी तालुक्यातील कोकटनूरच्या यल्लम्मालाही तसाच दोन्हीकडचा भक्त जातो.

याच देवीच्या नावाने पिढ्यान् पिढ्या मुली सोडल्या गेल्या. डोक्यावर देवीचा जग, हातात परडी, कपाळावर भंडारा आणि सोबत चौंडक्याचा आवाज अशी मंगळवारी-शुक्रवारी दारात येणारी जोगतीण आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. आपल्या घरच्या बायकांनी तिची ओटी भरली, सुपातून जोंधळे घातले, पायाही पडल्या. पण ती कुठे राहते, तिच्या मुलाच्या बापाचे नाव काय, म्हातारपणी तिला कोण पाहते, हे कोणी विचारले नाही. यंदाच्या स्मरणिकेत त्या बाईच्या बाजूने हा इतिहास मांडावा, असे आम्हाला वाटले.

कथेतली रेणुका

रेणुकेची पुराणकथा सर्वांना ठाऊक आहे. जमदग्नींची पत्नी रेणुका नदीवर पाण्याला गेली, जलक्रीडा करणारा गंधर्वराजा चित्ररथ तिच्या नजरेस पडला आणि तिचे मन क्षणभर विचलित झाले. एवढ्या अपराधासाठी ऋषींनी मुलांना आईचे शिर उडवायला सांगितले. परशुरामाने ते केले आणि मग वर मागून आईला परत जिवंतही केले. कीर्तनात ही कथा पितृआज्ञेचा आदर्श म्हणून सांगितली जाते. बाईच्या बाजूने ऐकली तर तिचा सूर बदलतो. हातून काहीही न घडता, निव्वळ मनात आलेल्या गोष्टीसाठी देहदंड झालेली ही बाई आहे. कदाचित म्हणूनच गावोगावच्या दुखावलेल्या बायकांना ती जवळची वाटली असावी.

डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या ग्रंथात रेणुका-यल्लम्माचा शोध ऋषिपत्नीच्या कथेच्याही मागे नेला आहे. वारुळाच्या रूपात पुजली जाणारी, पिकाची आणि जन्माची देवता असलेली भूमाता त्यांना तिच्यात दिसली. म्हणजे जी मुळात स्वतःच्या बळावर माता होती, ती पुढे कोणाची तरी पत्नी झाली आणि तिची परीक्षा पातिव्रत्याच्या कसोटीवर होऊ लागली.

सौंदत्तीच्या वर्षाच्या चक्रातही हीच कसोटी दिसते. जमदग्नींचा वध झाला आणि रेणुकेला वैधव्य आले, म्हणून मार्गशीर्षातली पौर्णिमा ही ‘रांडाव पुनव’. त्या वेळी देवीचे कंकणविमोचन होते, जोगतिणी बांगड्या फोडतात. पुढे ‘अहेव पुनवे’ला देवी पुन्हा सवाष्ण होते आणि हिरवा चुडा भरला जातो. देवीचे सौभाग्यसुद्धा नवऱ्याच्या जिवावर मोजण्याची ही रीत आहे.

सोडलेल्या मुली

मुलगी सोडण्याची कारणे प्रत्येक घरी थोडी वेगळी असत. कुठे नवस, कुठे आजारपण, कुठे केसांत निघालेली जट. केस न धुतल्याने, न विंचरल्याने गुंता होतो, पण तो देवीचा सांगावा मानला जाई. कुठे घरात मुलगा नसे. मग मुलगी देवीला दिली की ती सासरी जात नसे, आईबापांना सांभाळी आणि मुलासारखा वारसाही चालवी. या मुली बहुतेक दलित आणि भूमिहीन घरांतल्या असत. सौंदत्तीजवळ जोगुळभावीच्या कुंडात स्नान घालून गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधली जाई. या माळेला मराठीत ‘दर्शन’ म्हणतात. कन्नडमध्ये याच विधीला ‘मुत्तु’ बांधणे म्हणतात. पुढे मुलगी वयात आली की झुलवा लागे, म्हणजे कोणीतरी पुरुष तिला ठेवून घेई. त्याच्यावर नवरेपणाची कुठलीही जबाबदारी नसे. अनेकींचा रस्ता पुढे मुंबई, पुण्याच्या वेश्यावस्तीत संपला.

देवाशी लग्न झालेली बाई कधी विधवा होत नाही, म्हणून दक्षिणेच्या मंदिरपरंपरेत तिला ‘नित्यसुमंगली’ म्हटले जाई. आपल्या आळीतली विधवा घरात राहत होती, तिला नाव होते, नाते होते, पण हळदीकुंकवाच्या वेळी ती माजघरात बसायची. जोगतिणीची ओटी भरली जायची, पण तिला घर नव्हते. एकीला सौभाग्य नाही म्हणून मान नाही आणि दुसरीला सौभाग्य आहे पण संसार नाही. दोघींची किंमत एकाच मापाने झाली आणि ते माप त्यांच्या हातात कधीच नव्हते. स्त्रीमुक्तीच्या दृष्टीने धर्माकडे पाहणे म्हणजे देव नाकारणे, असा समज आपल्याकडे आहे. आमच्या समजुतीप्रमाणे, हे माप कोणी ठरवले, एवढे विचारण्यापासून ती दृष्टी सुरू होते.

प्रश्न विचारणाऱ्या बायका आणि पुरुष

हा प्रश्न मराठीत नवा नाही. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला भ्रूणहत्येच्या खटल्यात आधी फाशीची शिक्षा झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर टीकेची झोड उठली. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. शास्त्रांचे नियम बायकांनाच का आणि पुरुषांना वेगळे का, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ पत्रातून मुरळी-जोगतिणींच्या प्रथेवर लेखणी चालवली. 1909 च्या सुमारास त्या पत्रात शिवूबाई या मुरळीने स्वतःची व्यथा लिहून पाठवली आणि पुढे त्याच चळवळीतल्या एका कार्यकर्त्याने तिच्याशी लग्न केले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही या प्रश्नावर काम केले. शेजारच्या करवीर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी 1920 मध्ये अनौरस संतती आणि जोगतिणी यांच्या हक्कांविषयी कायदा केला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या निपाणीला आले ते एप्रिल 1925 मध्ये, मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष म्हणून. पुढे 16 जून 1936 रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी कामाठीपुरा भागातल्या मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांच्यापुढे भाषण केले आणि हे जिणे सोडून सन्मानाने जगण्याचे आवाहन केले. ते कष्टाचे जिणे असेल, हेही त्यांनी लपवले नाही.

कायदा आला, पण...

बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे 1934 चा मुंबई देवदासी संरक्षण कायदा आपल्याकडे लागू होता. मुलगी सोडणे बेकायदा ठरले, मग तिची संमती असो वा नसो. आधी देवीला वाहिली होती म्हणून तिचे लग्न अवैध ठरणार नाही, हेही कायद्याने सांगितले. तरी यात्रेत माळा बांधल्या जातच राहिल्या. विधी डोंगरावरून पुजाऱ्याच्या घरी आणि तिथून अंधारात गेला, एवढाच बदल.

कायद्याला पाय फुटले ते चळवळीमुळे. 1975 मध्ये महात्मा फुले समता प्रतिष्ठानच्या पुढाकाराने गडहिंग्लजला देवदासींची परिषद झाली. गडहिंग्लज म्हणजे निपाणीहून हाकेचे अंतर. ज्या बायका आजवर फक्त जोगवा मागायला दारात यायच्या, त्या व्यासपीठावर उभ्या राहून स्वतःविषयी बोलल्या. त्याच काळात निपाणीच्या विडी आणि तंबाखू कामगार बायका प्रा. सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली संघटित होत होत्या. मजुरी, वखारीतली धूळ, मालक-मुकादमांची वागणूक यांवर त्या उघड बोलू लागल्या. त्यांच्या लढ्यावर 1982 मध्ये ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट तयार झाला. जोगवा सोडायचा तर पोटाला दुसरे काम हवे आणि त्या कामाला मान हवा. ही दोन आंदोलने वेगळी असली, तरी गरज एकच होती.

1982 मध्ये कर्नाटकाने नवा कायदा केला. त्यात मुलगी सोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत आणि तो पालक किंवा नातेवाईक असेल तर पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. महाराष्ट्रात 2005 चा कायदा आला. साहित्यानेही हा विषय उचलला. उत्तम बंडू तुपे यांची ‘झुलवा’, राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आपल्याच मातीतल्या आहेत. 2009 च्या ‘जोगवा’ चित्रपटाने हे दुःख घराघरांत पोहोचवले.

कर्नाटक सरकारच्या दोन पाहण्यांत मिळून 46 हजारांवर देवदासींची नोंद झाली. पुनर्वसनाच्या कामातून आपल्या जिल्ह्यात 1997 मध्ये ‘मास’ ही माजी देवदासींचीच संस्था उभी राहिली. तिच्या सीतव्वा जोडट्टी यांना लहानपणी, सातव्या वर्षी, देवीला वाहिले होते. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांना सोडले होते, त्यांनीच दुसऱ्या मुलींच्या माळा थांबवल्या, याचा आपल्या जिल्ह्याने अभिमान बाळगायला हवा.

एक मतभेदही नोंदवला पाहिजे. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ लुसिंडा रामबर्ग यांनी याच भागातल्या जोगतिणींत राहून 2014 मध्ये ‘गिव्हन टू द गॉडेस’ हे पुस्तक लिहिले. सुधारणेच्या भरात या बायकांचे पुजारीपण आणि वारसाहक्क मोडीत निघाले, जटा कापताना त्यांचे म्हणणे नीट ऐकले गेले नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. आम्हाला ही प्रथा परत नको आहे. लहान मुलीचा देह नवसात देण्याचे समर्थन कोणत्याही हक्काने होत नाही. पण जोगतिणीकडे जे थोडे होते, ते काढून घेताना बदल्यात काय दिले, हा प्रश्न रास्त आहे. आज वृद्ध झालेल्या त्या बायकांची पेन्शन आणि घरे याच हिशेबात येतात.

आपल्या अंगणात

आता आपल्या मंडपाकडे येऊ. गणेशोत्सवातच गौरी येतात. गौर ही माहेरवाशीण, तिला कोणी विचारत नाही की तुझे मालक कसे आहेत. तिच्यापुढे हळदीकुंकू मात्र आपण सवाष्णींपुरतेच ठेवतो. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर गावांनीही त्याचे अनुकरण करावे, असे परिपत्रक काढले. हेरवाड आपल्याहून मोठे गाव नाही. तिथल्या लोकांचा देवधर्मही आपल्यापेक्षा कमी नाही.

खासबागेत मागावर कांड्या भरून मुले शिकवलेल्या, नवरा गेल्यावर माग बंद पडू न दिलेल्या किती तरी आया-आज्ज्या आपल्याच घरांत आहेत. रविवारच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या बायकांतही अशा आहेत. यंदा मंडळाच्या हळदीकुंकवाच्या पत्रिकेत ‘सुवासिनींनी’ या शब्दाऐवजी ‘सर्व महिलांनी’ एवढे छापावे, आणि दारी येऊन बोलावतानाही कोणाला वगळू नये, असे आम्ही सुचवतो. ओटी भरताना ती बाई सवाष्ण आहे, विधवा आहे की एके काळची जोगतीण आहे, हे पाहण्याचे कारण उरलेले नाही. रेणुकेला एका नजरेची शिक्षा झाली. निदान आपल्या मंडपात तरी कोणत्याही बाईला तिच्या नशिबाची शिक्षा होऊ नये.