जादा दिव्याची वीज

लांबच्या प्रवासाला निघालेल्या मोटारसायकलवर मुख्य दिव्याच्या खाली दोन छोटे जादा दिवे लावलेले हल्ली सर्रास दिसतात. ही नुसती हौस आहे असं म्हणून सोडून देता येईल, पण थोडं गणित करून पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. समोर बैलगाडी आहे हे कळून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर कोरड्या रस्त्यावरसुद्धा थांबायला एकूण ४० मीटरच्या आसपास लागतात. वेग ८० केला की हे अंतर ६० मीटरच्या पुढे जातं. उजेड त्याच्या अलीकडेच संपत असेल, तर बैलगाडी दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय दुप्पट अंतरावर तेवढाच उजेड पाडायचा, तर व्यस्त वर्गाच्या नियमाप्रमाणे दिव्याची तीव्रता चौपट हवी. यासाठी लागणारी ऊर्जा दुचाकीने आणायची कुठून? तिच्या दिव्याचा इतिहास बराचसा या प्रश्नाभोवतीच फिरतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारसायकलवर वीज होती ती एंजिनातल्या ठिणगीपुरती. उजेड मिळे तो वायूपासून. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या स्प्रे या गावी थॉमस विल्सन १८९२ मध्ये विजेच्या भट्टीत चुना आणि डांबर तापवत होता. त्याला हवा होता कॅल्शियम धातू, हाती आलं कॅल्शियम कार्बाइड. (बंदी असूनही फळं पिकवायला जे वापरलं जातं, तेच हे.) त्यावर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू निघतो आणि मागे विरलेल्या चुन्याचा लगदा उरतो. दिव्याच्या डब्यात वर पाणी, खाली कार्बाइडचे खडे आणि मध्ये थेंब सोडणारा स्क्रू. तयार झालेला वायू रबरी नळीतून पुढच्या दिव्यात जाई. ज्योत लख्ख पांढरी असे, मागचा आरसा ती रस्त्यावर फेके. मात्र अंधार पडला की गाडी थांबवून काडी ओढायची, पाणी बंद केलं तरी भिजलेल्या खड्यांतून वायू येतच राहायचा आणि दुसऱ्या दिवशी डबा खरवडायचा. उजेड लागेल तेवढा वाढवावा अशी सोय त्यात नव्हती.

ॲसिटिलीन नुसता दाबून भरला तर स्फोट होतो. म्हणून तो सच्छिद्र पदार्थात मुरवलेल्या ॲसिटोनमध्ये विरघळवून नळकांड्यात भरण्याची रीत निघाली. या वायूच्या दीपगृहांवर काम करणारे स्वीडनचे गुस्ताफ दालेन १९१२ मध्ये एका स्फोटात आंधळे झाले. त्याच वर्षी त्यांना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं.

वीज आली ती अडखळत. ‘इंडियन’ या अमेरिकन कारखान्याने १९१४ मध्ये बटणावर सुरू होणारी, विजेच्या दिव्यांची मोटारसायकल काढली. बॅटऱ्या पुऱ्या पडेनात आणि ती लगेच मागे पडली. १९१५ पासून हार्ले-डेव्हिडसनने मात्र विजेचे दिवे देऊ केले आणि पुढच्या काही वर्षांत कार्बाइडचा डबा हळूहळू हद्दपार झाला.

आपल्याकडच्या जुन्या स्कूटर ज्यांनी चालवल्या आहेत, त्यांना पुढची गंमत आठवेल. एंजिनाबरोबर फिरणारं चुंबक गुंडाळ्यात वीज निर्माण करी आणि ती थेट दिव्याला जाई. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवल्याप्रमाणे चुंबक जितकं जोरात फिरेल तितका दाब अधिक. म्हणजे सरळ रस्त्यावर उजेड भरपूर, आणि घाटातल्या वळणावर वेग कमी केला की दिवा मिणमिणता! नेमका नको तेव्हा. १९५५ पासून मद्रासला जुळू लागलेल्या बुलेटच्या मुख्य दिव्याच्या दोन्ही बाजूंना दोन इवले डोळे असत. त्यांना कुणी जादा दिवे समजू नये. गाडी कुठे आहे हे इतरांना दिसावं एवढंच त्यांचं काम, रस्ता उजळणं नव्हे.

खऱ्या जादा दिव्यांना बळ आलं ते हॅलोजनमुळे. मोटारींसाठीचा पहिला हॅलोजन बल्ब १९६२ मध्ये युरोपात आला, आणि एकाच बल्बमध्ये जवळचा व लांबचा झोत देणारा ‘एच-४’ १९७१ मध्ये. टंगस्टनची वाफ हॅलोजनशी संयोग पावून पुन्हा तारेवर परतते. त्यामुळे तार जास्त तापवता येते आणि काच काळी पडत नाही.

पण ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टवर ते ९ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतात. गाडीचा आल्टरनेटर समजा १५० वॅट देतो आणि मुख्य दिवाच ६० वॅट खातो, तर तूट बॅटरीतून भरली जाणार आणि पहाटे गाडी मुकी होणार. बारीक वायरीने जोडलं तर आणखी नुकसान. दिव्यापर्यंत १२ ऐवजी १०.८ व्होल्ट पोचले, तर उजेड दहा नव्हे, सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. म्हणून जाणता मिस्त्री बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड वायर आणि फ्यूज टाकतो, आणि हँडलवरच्या बटणाने फक्त एक रिले चालवतो. जोसेफ हेन्रीने १८३५ च्या सुमारास हीच युक्ती दूरवर संदेश पाठवण्यासाठी वापरली होती: क्षीण प्रवाहाने विद्युतचुंबक चालवायचा आणि त्याने मोठं मंडल जोडायचं.

ही सगळी काटकसर एलईडीने मोडीत काढली. अकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांच्या निळ्या एलईडीमुळे पांढरा उजेड देणारे दिवे शक्य झाले. २०१४ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. हॅलोजन एका वॅटमागे साधारण २५ ल्युमेन देतो, एलईडी १०० च्या पुढे जातो. आता लहानशा मोटारसायकललाही प्रखर दिवे परवडतात. आम्हाला वाटतं, विजेच्या टंचाईने आजवर एक उपकार केला होता: चुकीच्या ठिकाणी लावलेला दिवासुद्धा फार तापदायक होत नव्हता. आता तो होतो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपले, तर अंधाराला पुन्हा सरावायला त्यांना वेळ लागतो, वय जास्त असेल तर अधिकच. तेवढ्यात त्याच्या डाव्या कडेने कुणी पायी चाललं असेल, तर ते माणूस त्याला दिसतच नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये याचा विचार आहे. नियम १०६ नुसार पुढचा झोत कायम खाली झुकलेला हवा, आणि नियम १११ नुसार परवानगीशिवाय समोर शोधदिवा लावता येत नाही. धुक्यात पिवळाच दिवा हवा, हा समज मात्र तपासून पाहावा. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. उपयोग होतो तो दिवा खाली लावण्याचा: विखुरलेला उजेड डोळ्यांच्या रेषेत कमी येतो.

शाळेच्या आवारात संध्याकाळी हे पाहता येईल. सपाट जमिनीवर गाडी भिंतीसमोर आठ मीटरवर उभी करा. जमिनीपासून जादा दिव्याच्या मध्याची उंची मोजून तेवढीच खूण भिंतीवर करा. झोताचा सर्वांत उजळ भाग त्या खुणेच्या खाली पडायला हवा. मागे कुणालातरी बसवून पुन्हा पाहा. गाडीचा मागचा भाग दबतो आणि झोत वर सरकतो.