बावटा बंदरावर लागतो, नाक्यावर नाही

पडेगावातून समुद्र दिसत नाही. दिसतो तो दौलताबादचा डोंगर आणि त्याच्याकडे जाणारा रस्ता. पण या रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांचं शेवटचं ठिकाण समुद्रच असतं. पुढे माळीवाड्याला कंटेनरचा डेपो आहे, वाळूज आणि चिकलठाण्याचा माल न्हावाशेवाला जातो. आमच्या गल्लीतले एक चाचा वीस वर्षांहून जास्त काळ हाच फेरा करतात.

२ जून २०२० ला ते भरलेली गाडी घेऊन निघाले. लॉकडाऊनचे दिवस होते. माणसांना बंदी, मालाला परवानगी. क्लिनर गावी गेलेला, म्हणून एकटेच. दुसऱ्या दिवशी सकाळी पनवेलच्या अलीकडे पोलिसाने हात दाखवला, तेव्हा त्यांना पहिल्यांदा नीट कळलं की निसर्ग नावाचं चक्रीवादळ अलिबागच्या दिशेने येतंय. ट्रान्सपोर्टवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, बघा जमतंय का, माल वेळेत पोचला पाहिजे. चाचांनी ऐकलं नाही. एका गोदामाच्या भिंतीच्या आडोशाला गाडी लावली, चाकांना दगड लावले, ताडपत्रीचे दोर पुन्हा आवळले आणि केबिनमध्ये बसून राहिले. परत आल्यावर मला एवढंच म्हणाले, "दर्यावालों कू सब बताए. हमकू कौन बताया?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. वादळाची खबर कुणाला द्यायची, हे कुणी आणि कधी ठरवलं?

आपल्या भाषेत वादळाचा आणि समुद्राचा संसार मुख्यतः अरबी-फारसीतून आला. तुफान, बंदर, दर्या, खलाशी हे शब्द तिकडचे. कोळीवाड्यातला नाखवा म्हणजे फारसीतला नाखुदा, नावेचा धनी. मान्सूनच्या मुळाशी अरबी मौसम आहे, म्हणजे ठरलेला काळ. अरब, हबशी, कोकणी मुसलमान, रत्नागिरीकडचे दालदी, कोळी, भंडारी, खारवी या सगळ्यांनी मिळून हा व्यवहार केला, तेव्हा शब्दही एकमेकांच्या होडीत बसले. आमचं हे शहर खडकी म्हणून वसवणारा मलिक अंबर लाल समुद्रावरच्या मोखा बंदरातून गुलाम म्हणून फिरत फिरत दख्खनमध्ये पोचला होता. पडेगावचा आणि दर्याचा संबंध कंटेनरपेक्षा जुना आहे.

त्या काळी वादळाची तयारी म्हणजे पंचांगातली तयारी. कोकणात आजही पावसाआधीच्या दिवसांना आगोट म्हणतात. कौलं परतायची, शाकारणी करायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, सुकी मासळी, मीठ, तांदूळ यांची बेगमी करायची. (बेगमीचं मूळ बे-गम, म्हणजे चिंतेतून मोकळं होणं. साठवणीला इतकं नेमकं नाव दुसरं सुचणार नाही.) होड्या वर ओढून शाकारून ठेवायच्या, त्या थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. बंदर बंद.

आणि बंदर बंद झालं की घाटही थंडावायचा, हे आपण विसरतो. सातवाहनांच्या काळात नाणेघाटातून, नंतर निजामशाहीत चौल बंदरातून दख्खनमध्ये माल यायचा तो बैलांच्या पाठीवर. पावसाळ्यात बंजाऱ्यांचे तांडे थांबायचे. घाटात चिखल, नद्यांना पूर, आणि खाली बंदरात उतरवायला माल नाही. गलबतं आणि बैल एकाच वेळी विश्रांती घ्यायचे. दर्यातला आणि वाटेवरचा माणूस एकाच मौसमाला बांधलेला होता.

ही गाठ इंग्रजांच्या काळात सुटली. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, पुढे रेल्वे आली. वाफेची जहाजं मौसमाला जुमानेनाशी झाली. मग त्यांच्यासाठी इशारे हवेत म्हणून यंत्रणा उभी राहिली. १८६४ च्या वादळाने कलकत्ता झोडपल्यावर तिथल्या बंदरासाठी १८६५ मध्ये इशारे सुरू झाले. हवामान खातं १८७५ चं. मुंबईकडच्या बंदरांना ही सोय १८८० मध्ये मिळाली. दिवसा काठीवर शंकू आणि पिंप, रात्री लाल-पांढरे कंदील. एक ते अकरा असे क्रमांक. आपल्या वर्तमानपत्रांत 'तीन नंबरचा बावटा' येतो तो याच व्यवस्थेतून. अकरा नंबरचा अर्थ मला सगळ्यात भीतिदायक वाटतो: इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला आहे.

ही व्यवस्था जहाजांसाठी होती, आणि जहाजांत पैसा होता. बंदराच्या बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी बावटा कधी नव्हताच.

समुद्रावरच्या गरीब माणसापर्यंत तरी तो पोचत होता का? ११ नोव्हेंबर २००९ ला फयान आलं, तेव्हा कोकणातल्या कितीतरी होड्या खोल समुद्रात होत्या. त्याआधी ९ जून १९९८ ला गुजरातेत कांडल्याला वादळ धडकलं. सरकारी आकडाच हजाराच्या वर गेला. मेले ते मुख्यतः मिठागरांत आणि बंदराजवळच्या झोपड्यांत राहणारे मजूर, त्यातले पुष्कळ परगावचे. ज्याचं नाव कुठल्या गावच्या यादीत नाही, त्याला उठवायला कोण येणार? त्याच गुजरातेत २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉयच्या आधी जवळपास एक लाख लोक हलवले गेले आणि प्राणहानी अगदी थोडी झाली. म्हणजे ठरवलं तर जमतं.

निसर्गच्या दिवसांत आपल्या फोनवर मात्र वेगळाच इतिहास फिरत होता. १८८२ च्या जूनमध्ये मुंबईत वादळाने लाखभर माणसं मारली, असा. तेव्हा मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. आठातलं एक माणूस मेलं असतं तर ती गोष्ट सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत मावली नसती. ती तिथे नाहीच. अशी घटना घडल्याचा पुरावा अभ्यासकांना सापडलेला नाही. १८५४ आणि १९४८ च्या नोव्हेंबरात मुंबईला खरोखर वादळांनी गाठलं, ती कुणाच्या आठवणीत नाहीत.

३ जूनच्या दुपारी निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरच्या लोकांना आधीच शाळांत आणि पक्क्या घरांत हलवलं होतं, तेही तोंडाला मास्क लावून. बऱ्याच होड्या किनाऱ्याला होत्या. माणसं वाचली. नारळी-पोफळीच्या वाड्या मात्र आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी एका दुपारी गेली. पोफळ पुन्हा फळाला यायला वर्षं लागतात. विजेचे खांब पडले आणि काही गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली.

मग पत्रे, ताडपत्र्या, खांब, तारा, तांदूळ हे सगळं कशातून गेलं? ट्रकमधूनच. वादळाच्या आधी ज्याला कुणी विचारलं नाही, त्याची वादळानंतर सगळे वाट बघत होते.

चाचांना मी विचारलं, भरलेल्या गाडीला वाऱ्याची काय भीती? ते हसले. भरलेलीला कमी, खालीला जास्त. खाली गाडीवर ताडपत्री ताणलेली असली तर ती शिडासारखी फुगते आणि गाडी आडवी होते. शिडाच्या होडीवरचे खलाशी वादळ दिसलं की आधी शीड उतरवायचे, हे त्यांनी कुठे वाचलेलं नव्हतं. आता फोनवर गजर वाजवून सरकारी इशारे येतात. पण गाडी कुठे उभी करायची, थांबल्याचं भाडं कोण देणार, याबद्दल त्यात काही नसतं. चाचांना त्या दीड दिवसाचे पैसे मिळाले नाहीत. पुढच्या फेऱ्याला ते पुन्हा त्याच रस्त्याने गेले.