शवपेटी नसलेली श्रद्धांजली

खुर्चीला चिकटलेले नेते दिसले की मला फ्रान्सचा द गॉल आठवतो. २७ एप्रिल १९६९. सार्वमतात ५२ टक्के लोक 'नाही' म्हणाले, दुसऱ्या दिवशी गडी राष्ट्राध्यक्षपद सोडून मोकळा! १९५२ मध्येच त्याने लिहून ठेवलं होतं: माझ्या अंत्यविधीला राष्ट्राध्यक्ष नको, मंत्री नकोत; थडग्यावर फक्त नाव आणि सालं.

नोव्हेंबर १९७० मध्ये तो गेला. निक्सनसकट जगभरचे नेते पॅरिसच्या नोत्र दाममध्ये जमले, पण शवपेटी तिथे नव्हतीच. त्याच दुपारी कोलोंबे गावात त्याला लेकीशेजारी पुरलं. साधेपणा, की शेवटचा डाव? मला तरी दोन्ही वाटतं. अनुयायांनी मात्र वर्गणी काढून १९७२ मध्ये त्याच गावात ४४ मीटरचा क्रॉस उभा केलाच.