कंडरेची शिवण आणि एका शब्दाचा घोटाळा

हिपॉक्रेटीसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथांत ‘न्यूरॉन’ हा शब्द कंडरा, अस्थिबंध आणि मज्जातंतू या तिहींना सरसकट लावलेला आढळतो. इ. स. च्या दुसऱ्या शतकातील गेलेनला मज्जातंतूंचे वेगळेपण ठाऊक होते खरे. परंतु कंडरा ही मज्जातंतू व अस्थिबंध यांच्या तंतूंनी मिळून घडते, असे त्याने मानले. सबब तिला सुई टोचली की झटके येणार, ही धास्ती मागे उरली आणि तिच्यापायी युरोपातील शल्यवैद्य कित्येक शतके तुटलेली कंडरा शिवण्यास कचरत राहिले. इब्न सीना (९८०–१०३७) याने मात्र ती शिवावी असे सांगितले होते.

सुश्रुतसंहितेत कंडरा १६ व स्नायू ९०० मोजले असून, स्नायूंची इजा अस्थी वा संधी यांच्या इजेहूनही घातक म्हटली आहे. हे ‘स्नायू’ म्हणजे बांधून ठेवणारे तंतू. मांसाला तेथे ‘पेशी’ असा निराळा शब्द आहे. आजच्या मराठीतील अर्थ मनात धरून ते वचन वाचणाऱ्याची फसगत ठरलेलीच!

गुडघ्याच्या आतील बंधांकडे शल्यवैद्य फार उशिरा वळले. १८९५ साली लीड्स येथे मेयो रॉबसन याने एका खाणकामगाराच्या गुडघ्यातील, फुलीसारखे परस्परांना छेदणारे दोन्ही तुटके अस्थिबंध टाके घालून जोडले. त्याचा वृत्तांत १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९१७ मध्ये हे ग्रोव्ह्ज याने शिवण्याचा नाद सोडला आणि मांडीच्या बाहेरील बाजूच्या चिवट आवरणाची पट्टी हाडांत पाडलेल्या छिद्रांतून ओवून नवाच बंध उभा केला. आजची पुनर्रचनाही हाडांतील बोगद्यांतूनच होते. पट्टीच्या जागी बहुधा रुग्णाचीच एखादी कंडरा असते.